वजनरहित अवस्थेत शरीर ‘रुळते’ म्हणजे नेमके काय होते

अंतराळात नेलेले उंदीर थोड्याच दिवसांत पिंजऱ्यात सहज वावरू लागतात, मग त्यांची हाडे व स्नायू झिजतच का राहतात, असा आपला प्रश्न आहे. माझ्या मते ‘रुळणे’ या एका शब्दाखाली निरनिराळ्या गतीने चालणाऱ्या प्रक्रिया आपण एकत्र धरतो, आणि घोटाळा तिथेच होतो.

सर्वांत लवकर सावरतो तो मेंदू. अंतर्कर्णातील सूक्ष्म खडे ‘खाली’ कुठे आहे हे सांगेनासे झाले की तो त्यांच्यापेक्षा डोळ्यांवर अधिक विसंबू लागतो. म्हणूनच माणसाची मळमळ बहुधा दोन-तीन दिवसांत थांबते. 2014 साली आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर नेलेल्या उंदरांपैकी तरुण माद्या तर आठवडा-दीड आठवड्यात पिंजऱ्याच्या भिंतींवरून गोल-गोल धावू लागल्या होत्या. रक्ताचेही तसेच. पायांकडचा द्रव छाती-डोक्याकडे सरकतो, चेहरा सुजतो, पिंडऱ्या बारीक होतात, आणि द्रव जास्त झाल्याचा संकेत मिळाल्याने शरीर रक्तद्रवाचे प्रमाण घटवून नवा समतोल साधते.

हाडांचे गणित मात्र निराळे आहे, कारण हाड सतत मोडले व बांधले जात असते आणि किती बांधायचे हे त्या-त्या जागी पडणाऱ्या भारावरून ठरते. जमिनीवरच्या प्रयोगशाळेत उंदराला शेपटीने असे टांगतात की पुढचे पाय टेकलेले आणि मागचे अधांतरी राहतात. तेव्हा गुरुत्वाकर्षण पूर्ण असूनही मागच्या पायांची हाडे विरळ होतात, तर पुढच्या पायांची बहुतांशी टिकतात. (तसे पाहता 400 किलोमीटर उंचीवरही गुरुत्वाकर्षण सुमारे 90 टक्के असतेच, यान आणि प्रवासी एकत्र सतत पडत असतात, इतकेच.) पुरेसा व्यायाम न केल्यास अंतराळवीराच्या कंबरेच्या हाडांची घनता महिन्याला 1 ते 1.5 टक्क्यांनी घटते, म्हणजे रजोनिवृत्तीनंतर स्त्रीची साधारण वर्षभरात घटते तितकी. स्नायूंमध्ये सर्वाधिक झीज पोटरीतील सोलियसची होते, कारण उभे राहताना अखंड ताण धरणे हेच त्याचे काम. त्याचे काही संथ तंतू जलद तंतूंसारखे वागू लागतात व लवकर थकतात.

तेव्हा उंदीर चपळ दिसतो तो मेंदू रुळल्यामुळे, आणि त्याच वेळी हाडे झिजतात ती हाडेही त्याच परिस्थितीशी जुळवून घेत असल्यामुळे. त्यात विसंगती नाही. अंतराळवीर पट्ट्यांनी ट्रेडमिलशी (धावण्याच्या यंत्राशी) बांधून घेऊन रोज सुमारे दोन तास व्यायाम करतात, तो हाडांचे हे जुळवून घेणे रोखण्यासाठीच.