ताटं घासणारा भावी पाद्री

प्रश्न: शेजारचा मुलगा पाद्री व्हायला राशोलच्या सेमिनरीत गेलाय. दिवसभर प्रार्थनाच का हो? आम्ही हिंदू शेजारी, भेटायला जावं का?
– एक वाचक, फोंडा

उत्तर: छे हो! माझा वर्गमित्र तिथलाच. सकाळी मिस्सा, म्हणजे चर्चमधली उपासना, मग वर्ग. तत्त्वज्ञान आणि ईशज्ञान मिळून निदान ६ वर्षं, पुढे आधी डीकन, म्हणजे पाद्रीपदाच्या खालची पायरी, मग पाद्री. पण खरी घडण एकत्र राहण्यात. मी गेलो तेव्हा हा बाह्या सारून ताटं घासत होता. बाजूला उभा सोबती ती पुसत होता. आदल्या संध्याकाळी फुटबॉलवरून दोघांचं वाजलेलं. बोलणं बंद, पण ताटं हातोहात चाललेली. जरूर जा. इंग्रज धर्मगुरू फादर स्टीफन्सचं, ख्रिस्ताची कथा सांगणारं मराठी 'क्रिस्तपुराण' १६१६ साली राशोललाच छापलेलं, मराठी तिथं परकी नाही. जाताना फणसाचे गरे न्या, सगळ्यांना पुरतील एवढे.