कानात नाडीच्या ठेक्यावर आवाज येतो, एमआरआय नॉर्मल आहे. डॉप्लरसारख्या आवाजाच्या तपासणीने मेंदूच्या रक्तवाहिन्यांतला दोष कळतो का?

कळू शकतो. आमच्या आईचा आवाजावरूनच कळला. खरं तर तिने स्वतःच आधी ओळखला होता, आम्ही आठ महिने तिचं ऐकलं नाही.

आईने सदाशिव पेठेत चाळीस वर्षं ब्लाउज शिवले. उजव्या कानात रात्री कुणीतरी पायमशीन चालवतंय असा आवाज यायला लागला, तेव्हा तिने मनगटावर बोट ठेवून मला दाखवलं होतं, ‘‘बघ गं, इथे ठोका पडला की तिथे पडतो.’’ मी पोळ्या लाटत होते. हो म्हटलं आणि विसरले. मग कानातला मळ काढून झाला, ऑडिओग्राम झाला, ‘वयामुळे होतं’ हे ऐकून झालं. साधा एमआरआयही नॉर्मल आला. दादा म्हणाला, ‘‘रिकामी बसतेस म्हणून ऐकू येतं, रेडिओ लावून झोपत जा.’’ ती बिचारी लावायची. विसर्जनाच्या दिवशी लक्ष्मी रोडवर ढोल सुरू झाले तेव्हा म्हणाली, आज बरं वाटतंय, आतलं ऐकू येत नाही. दादा हसला. ते हसणं मी विसरलेले नाही.

बीपी दाखवायला तिला पेठेतल्याच एका वयस्कर डॉक्टरांकडे नेलं होतं, तिथे तिने सहज सांगितलं. त्यांनी पंखा बंद केला, दार लावून घ्यायला सांगितलं आणि कानामागच्या हाडावर स्टेथोस्कोप ठेवून दोन मिनिटं नुसते ऐकत राहिले. मग नळ्या माझ्या कानात दिल्या. सूंऽ सूंऽ सूंऽ. आईच्या डोक्यातला आवाज मी माझ्या कानांनी ऐकला. त्यांनी कानामागची धमनी बोटाने दाबली, आवाज थांबला. बोट काढलं, परत सुरू.

निघाला ड्यूरल फिस्टुला. धमनी आणि शीर यांच्यामध्ये केशवाहिन्यांचं जाळं असतं, त्यात रक्ताचा जोर उतरतो. मेंदूच्या आवरणात आईची धमनी हे जाळं टाळून थेट शिरेत उघडली होती. जोरातलं रक्त तिथे घुसळतं, भिंत थरथरते आणि आतला कान जवळच असल्याने माणसाला ते ऐकू येतं. अशा फिस्टुलाचं रक्त मेंदूच्या पृष्ठभागावरच्या शिरांत उलटं शिरत असेल तर रक्तस्रावाची भीती असते. डीएसए म्हणजे रक्तवाहिन्यांत रंगद्रव्य सोडून एक्स-रेने चित्र घेण्याची तपासणी; त्यात जांघेतून बारीक नळी घालून नेमकी जागा सापडली, आणि नंतर तशाच नळीतून घट्ट होणारं द्रव सोडून ती वाट बंद केली.

दादा अजून म्हणतो, शेवटी मशीननेच सापडलं ना. जागा मशीनने दाखवली, मान्य. पण डीएसए करायला पाठवलं कुणी? फ्रेंच डॉक्टर लेनेक यांनी १८१६ साली शोधलेल्या स्टेथोस्कोपने! नॉर्मल रिपोर्ट हातात घेऊन रोग्यालाच खोटं ठरवणारे लोक मला सहन होत नाहीत.

तुम्ही डॉप्लरचं विचारलंय. कानशिलाच्या पातळ हाडातून ध्वनिलहरी सोडून मेंदूतल्या मोठ्या धमन्यांमधल्या रक्ताचा वेग मोजायची ही पद्धत रुन आस्लिड आणि सहकाऱ्यांनी १९८२ साली मांडली. रक्तस्रावानंतर धमन्या आकसतात का, सिकल सेल या रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या मुलांना पक्षाघाताचा धोका किती, यासाठी ती फार उपयोगाची. पण लहान फिस्टुला तिच्यातून निसटतो, आणि काही वयस्कर बायकांचं हाड इतकं जाड असतं की लहरी आतच जात नाहीत. म्हणून तुमच्या तक्रारीला तिच्यावर विसंबू नका. डॉक्टरांना सरळ म्हणा, कानामागे, मानेवर, डोळ्यावर स्टेथोस्कोप लावून ऐका. नंतर धमन्या आणि शिरा दोन्ही दिसतील असा एमआर अँजिओ-व्हेनोग्राम करायचा का, ते विचारा.

ठेक्यातला प्रत्येक आवाज म्हणजे फिस्टुला नव्हे, हेही सांगते. रक्त कमी असेल, थायरॉइड वाढला असेल, डोक्यातला दाब वाढला असेल, तरी असा आवाज येतो. उलट, स्टेथोस्कोपला काही ऐकू आलं नाही म्हणून सुटलो असंही नाही. धमनीवरचा फुगा तर बहुधा आवाजच करत नाही. मान स्वतः दाबून बघू नका, वयस्कर माणसाला ते महागात पडू शकतं. आवाजासोबत डोकं दुखत असेल किंवा अंधुक दिसत असेल तर पुढच्या आठवड्यावर ढकलू नका.

आणि तुमच्याबरोबर घरचं जे कुणी येईल, त्यालाही नळी कानाला लावायला सांगा. दादाला मी त्या दिवशी फोन करून बोलावलं होतं. त्याला वेळ नव्हता.