बांधावरचं झाड राहू द्या, आधी सांडव्यावरची जाळी काढा

प्रश्न : आमच्या खासगी जमिनीत नाल्यावर मातीचा जुना बांध आहे. उंची ७ मीटरच्या आसपास. ज्यांनी बांधला ते हयात नाहीत, नकाशेही नाहीत. मागच्या उतारावर मोठं झाड वाढलंय. त्याच्या मुळांनी बांध फुटेल अशी घरात सगळ्यांना धास्ती आहे. ते उपटून टाकावं का? पायथ्याशी एका जागी ओल असते आणि तळं भरलं की तिथून थोडं पाणी झिरपतं. तिथे चिकणमाती ठोकून बसवणार आहोत. मासे सोडल्यामुळे सांडव्यावर जाळी लावली आहे, खाली फळ्या टाकून पाणी अर्धा मीटर जास्त अडवलंय. बाकी बांध ठणठणीत आहे.

उत्तर : तुमचं शेवटून दुसरं वाक्य मी आधी घेते. जाळी आणि फळ्या आजच काढा. पाणी आत्ता फळ्यांना टेकलेलं असेल तर एकेक करून, बाजूला उभं राहून. झाडाचं नंतर पाहू.

दगडी किंवा काँक्रीटच्या भिंतीवरून पाणी ओसंडलं तर ती बहुधा तग धरते. मातीच्या बांधाला ते सोसत नाही. पाणी मागच्या उतारावरून धावतं, माती खात खात माथ्याकडे सरकतं आणि एकदा खिंडार पडलं की काही तासांत, कधी त्याहून लवकर, तळं रिकामं होतं. ते टाळायलाच सांडवा असतो. सांडव्याची पातळी आणि बांधाचा माथा यांच्यामधलं अंतर पुरासाठी राखून ठेवलेलं, आणि त्यातला अर्धा मीटर तुम्ही माशांना देऊन टाकलात! शिवाय पहिल्याच लोंढ्याबरोबर काटक्या, गवत, पाला येतो आणि जाळीवर बसतो. मग तिची भिंत होते.

हे मी घाबरवायला लिहीत नाही. असं घडलेलं आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियात साउथ फोर्क नावाचं मातीचं धरण होतं, एका खासगी क्लबच्या मालकीचं. सभासदांना मासेमारीची हौस, म्हणून सांडव्यावर जाळ्या लावलेल्या. माथ्यावरून घोडागाड्या जाव्यात म्हणून माथा थोडा छाटलेला. तळाशी पाणी सोडायचे नळ आधीच्या मालकाने काढून नेलेले, ते पुन्हा कोणी बसवले नाहीत. ३१ मे १८८९ रोजी अतिवृष्टीत ते फुटलं आणि खालच्या जॉन्सटाउन परिसरात २,२०९ माणसं गेली. ते धरण तुमच्या बांधाच्या तिप्पट उंच होतं, हे खरं. पण खोऱ्यात एकच घर असलं तरी त्या घराला उंचीच्या हिशेबाशी काय करायचंय?

जाळी निघाली की माथा तपासा. जुना भराव दबतो आणि बहुतेक वेळा मधोमध खचतो, कारण तिथेच मातीची उंची सर्वांत जास्त असते. डोळ्यांना ते कळत नाही. पारदर्शक नळीत पाणी भरून गवंडी पातळी धरतात तशी ठरावीक अंतरावर धरा. सर्वांत खोलगट जागा जिथे, तुमच्या बांधाची खरी उंची तेवढीच.

आता ओल. मातीचा बांध थोडा पाझरतोच. नुसत्या पाझराने मी दचकत नाही. मी विचारते ते इतकंच : पाणी नितळ आहे की गढूळ? नितळ असेल आणि तळ्याच्या पातळीबरोबर कमी-जास्त होत असेल तर नोंद ठेवत राहा. गढूळ असेल तर आतली माती वाहून येतेय, म्हणजे बांधाच्या पोटात बीळ तयार होतंय. अशा वेळी इंजिनिअरला बोलवा, खालच्या वस्तीला कळवा आणि पाणी उतरवायला लागा. तळ्याची पातळी तीच असताना नितळ पाझर वाढत गेला, तरी तो इशाराच समजा.

चिकणमाती मात्र मुळीच ठोकू नका. वाट बुजली की दाब आत साठतो आणि पाणी दुसरीकडून, बहुधा वरच्या अंगाने, फुटतं. पाण्याला जाऊ द्यायचं आणि मातीला अडवायचं. आधी जाड वाळू, तिच्यावर बारीक खडी, तिच्यावर दगड, याच क्रमाने. मापण्यासाठी ते पाणी चरात घेऊन ९० अंशांची व्ही आकाराची खाच असलेला पत्रा आडवा बसवा. खाचेच्या टोकापासून मागच्या पाण्याची उंची ५ सेंमी असेल तर प्रवाह सेकंदाला सुमारे पाऊण लिटर. १० सेंमी असेल तर जवळपास साडेचार लिटर. उंची दुप्पट, प्रवाह साडेपाच पट! म्हणून "थोडं वाढल्यासारखं वाटतं" ही नोंद मला चालत नाही. तारीख, तळ्याची पातळी, पाऊस आणि खाचेतली उंची लिहा.

झाडाची भीती खोटी नाही, पण उपटणं हा त्यावरचा सर्वांत वाईट उपाय. मुळांबरोबर भरावाचा लचका निघतो. नुसतं कापलं तर मुळं कुजून पोकळ्या राहतात. मोठ्या झाडाचा बुंधा पाणी खाली असताना काढायचा, खड्डा थर टाकून, प्रत्येक थर ठोकून दाबत भरायचा, आणि हे जाणत्याच्या देखरेखीखाली. तोवर नवी रोपटी उगवतील तशी काढत जा. उतारावर आखूड गवत हवं, म्हणजे घुशींची आणि खेकड्यांची बिळंही दिसतात. (२०१९ मध्ये तिवरे धरण फुटल्यावर खेकड्यांवर फुटलेलं खापर आठवत असेल. बिळं बांधाला घातक आहेतच, पण ती वेळेत बुजवायची कोणी, हे खेकड्यांना विचारता येत नाही.)

पाणी उतरवताना घाई नको. तळं भराभर रिकामं केलं की पाण्याकडचा भिजलेला उतार आधार गमावून घसरतो. गढूळ पाझरासारखी आणीबाणी नसेल तर दिवसाला साधारण ३० सेंमीपेक्षा जास्त नको.

आणि पाणी उतरवणार कशाने, ते तुम्ही लिहिलेलंच नाही. बांधाच्या पोटातून जाणारा नळ आहे का? तो लोखंडी आहे की सिमेंटचा, आणि झडप तळ्याच्या बाजूला आहे की बाहेर? बाहेर असेल तर बंद झडपेमागे सगळा नळ बांधाच्या आत दाबाखाली असतो आणि गंजून भोक पडलं की ते पाणी थेट भरावात शिरतं. नळाचं बाहेरचं तोंड पाहा, भोवतीची माती ओली किंवा खचलेली आहे का तपासा, आणि मला कळवा.