मेंदू-मणक्याच्या दुखापतीचं काम: फक्त सर्जनच का?

ताई, तुम्ही डिचोलीहून लिहिता की भाच्याला दुचाकीच्या अपघातात मानेला मार लागला, आणि बांबोळीला गोवा मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात त्याच्या उशाशी राहिलेली तुमची बारावीतली लेक आता ‘मी हेच काम करीन’ म्हणते. नीटमध्ये एमबीबीएसपुरते गुण पडले नाहीत तर सगळं संपलं, ही तुमची भीती.

न्यूरोसर्जन व्हायला एमबीबीएसची साडेपाच वर्षं, एमएसची (सर्जरीतलं पदव्युत्तर) तीन, एमसीएचची (त्यापुढचं न्यूरोसर्जरीचं खास शिक्षण) तीन. शस्त्रक्रियेचीच ओढ असेल तर नीट पुन्हा द्यावी. पण तिला भावलेलं म्हणून तुम्ही जे कळवलंत, म्हणजे कूस बदलणं, लघवीची नळी सांभाळणं, खुर्चीत बसवणं, ते काम प्रामुख्याने नर्स आणि थेरपिस्टचं. सर्जन मज्जारज्जूवरचा दाब काढतो, मणका स्थिर करतो. तुटलेला रज्जू पुन्हा जोडता येत नाही. पुढची वर्षं नर्स आणि थेरपिस्टच्या हातात असतात.

डोक्याला मार लागलेल्याची शुद्ध जीसीएसवर, म्हणजे ग्लासगो कोमा स्केल या मोजपट्टीवर मोजतात: 3 म्हणजे खोल बेशुद्धी, 15 म्हणजे पूर्ण शुद्ध. आकडा दोनने घसरला किंवा एका डोळ्याची बाहुली मोठी झाली, तर आत रक्त साचत असू शकतं. रात्री ते आधी टिपते नर्स. मणक्याच्या रुग्णाला दर दोन तासांनी, मान-पाठ एका रेषेत धरून, तिघाचौघांनी वळवायचं. चुकलं की माकडहाडावर बेडसोअर. पुढे मूत्राशय दर चार ते सहा तासांनी रिकामं करायचं, साठा 500 मिलीच्या आत. छातीच्या सहाव्या मणक्याला किंवा त्याच्या वर इजा असेल तर नुसती लघवीची नळी दुमडली तरी रक्तदाब भडकतो, डोकं ठणकतं, घाम फुटतो. अशा वेळी आधी उठवून बसवायचं, कपडे सैल करायचे, नळी मोकळी करायची. आडवं ठेवलं तर दाब आणखी चढतो. माझ्या मते या ज्ञानाला दुय्यम समजणं हा अन्याय आहे.

बांबोळीच्या इन्स्टिट्यूट ऑफ नर्सिंग एज्युकेशनमध्ये बीएस्सी नर्सिंग चार वर्षांचं आहे. पुढे न्यूरो नर्सिंगचा वर्षाचा डिप्लोमा करता येतो. बंगळुरूचं निम्हान्स, म्हणजे मेंदू आणि मानसिक आरोग्याची राष्ट्रीय संस्था, त्यासाठी नावाजलेलं. हालचाल आणि ताकद परत आणण्यात रस असेल तर फिजिओथेरपी. पकड गेलेल्या हाताने जेवायला, शर्ट घालायला शिकवायचं असेल तर ऑक्युपेशनल थेरपी.

रात्रपाळ्या असतात, उचलाउचलीने पाठ धरते, आणि काही रुग्ण कधीच चालत नाहीत. हे तिला आत्ताच सांगा. निवासाचा दाखला मामलेदार कार्यालयातून लगेच काढून ठेवा, आणि नीटच्या निकालाकडे डोळे लावून नर्सिंगच्या अर्जाची तारीख चुकवू नका.