खडूस मालक आणि चांगली मिसळ

मागच्या महिन्यात सहज विचारलं होतं की एकमेकांशी काडीचा संबंध नसलेल्या दोन सवयींचा आकड्यांत संबंध दिसतो असं काही तुमच्या वाचनात नाहीतर अनुभवात आलंय का, तर एवढी पत्रं येतील असं वाटलं नव्हतं. निम्मी लग्न जुळवण्यावरून आणि उरलेली खाण्यावरून. कॉलेजात ३० वर्षं स्टॅटिस्टिक्स शिकवलं पण पोरांनी असले प्रश्न कधी विचारले नाहीत, त्यांचं आपलं एकच, सर हे परीक्षेला येणार का. असो. त्यातली सहा पत्रं घेतलीत.

प्रश्न : मी पुण्यात आयटीत आहे, वय २८, सध्या एका डेटिंग अ‍ॅपवर आहे. मित्र म्हणतो पहिल्या भेटीत बाकी काही विचारू नको, फक्त बिअरची चव आवडते का विचार, मुलीचं सगळं कळतं, अमेरिकेत सिद्ध झालंय म्हणे. खरं का फेकतोय?

फेकत नाहीये पण अर्धवट ऐकून आलाय. ओकेक्युपिड नावाची एक अमेरिकन डेटिंग साइट आहे, हार्वर्डमध्ये गणित शिकलेल्या पोरांनी काढलेली. त्यातल्या ख्रिश्चन रडरने २०११ मध्ये एक मजेशीर उद्योग केला. साइटवर लोक शेकड्याने प्रश्नांची उत्तरं देतात, तर त्यातला कुठला साधा, विचारायला लाज न वाटणारा प्रश्न कुठल्या अवघड प्रश्नाचं उत्तर देऊन जातो ते त्याने शोधलं. त्यात निघालं की बिअरची चव आवडणारे लोक, बाई असो की पुरुष, पहिल्याच भेटीत पार पुढे जायला तयार असण्याचं प्रमाण इतरांपेक्षा ६० टक्क्यांनी जास्त. आता इथे तुमचा मित्र घसरतो. ६० टक्क्यांनी जास्त म्हणजे शंभरातले ६० नव्हे. समजा बिअर न आवडणाऱ्यांत शंभरातले २० तयार असतील तर आवडणाऱ्यांत ३२, म्हणजे तरीही ६८ जण नाहीच म्हणणार, आणि तुमच्या समोर बसलेली त्या ६८ मधली निघाली की मित्र काही वाचवायला येणार नाही. शिवाय ही उत्तरं त्या देशातल्या, त्या साइटवर स्वतःहून आलेल्या लोकांची. आपल्याकडे बिअर आवडते का याचं उत्तर कोण विचारतंय आणि शेजारच्या टेबलावर कुणाची मावशी बसलीय का यावर जास्त ठरतं.

त्याच यादीतलं मला आवडलेलं दुसरंच आहे. स्पेलिंग आणि व्याकरणाच्या चुका बघून चिडचिड होते का असा प्रश्न, आणि नाही म्हणणारा माणूस बऱ्यापैकी धार्मिक असण्याची शक्यता दोनास एक. आमचे वडील रोज तासभर पूजा करायचे आणि लग्नपत्रिकेतले ऱ्हस्व-दीर्घ लाल पेनाने सुधारून पत्रिका परत पाठवायचे, त्यामुळे मला हे वाचून फार बरं वाटलं की आमचं घर सरासरीबाहेरचं होतं.

आणि भेटीत विचारायचंच असेल तर रडरने आणखी तीन प्रश्न दिलेत : भुताचे पिक्चर आवडतात का, परदेशात एकटे फिरलायत का, सगळं सोडून बोटीवर राहायला गेलो तर मजा येईल का. त्या साइटवर जुळलेल्या जोडप्यांपैकी ३२ टक्के जोडप्यांत दोघांची तिन्ही उत्तरं सारखी होती, नुसत्या योगायोगाने जुळली असती त्याच्या ३.७ पट. हे विचारा, निदान गप्पा तरी होतील.

प्रश्न : बाळ आठ महिन्यांचं आहे. रात्री छोटा दिवा चालू ठेवते तर नणंद म्हणते त्याने पोरांना चष्मा लागतो, शास्त्रज्ञांनी सांगितलंय. दिवा घालवला की बाळ रडतं. काय करू? (कोल्हापूर)

नणंदेने वाचलंय ते खरंच छापून आलं होतं आणि तेही साध्यासुध्या ठिकाणी नाही, १९९९ मध्ये 'नेचर' या विज्ञानाच्या नावाजलेल्या नियतकालिकात. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या डॉक्टरांनी ४७९ मुलांच्या आईवडिलांना विचारलं की मूल दोन वर्षांचं होईपर्यंत अंधारात झोपायचं का दिव्यात. अंधारात झोपलेल्यांपैकी १० टक्क्यांना लांबचं कमी दिसायचं, छोट्या दिव्यात झोपलेल्यांपैकी ३४ टक्क्यांना आणि खोलीचा मोठा दिवा चालू असायचा त्यांच्यातल्या ५५ टक्क्यांना. कशी पायरी पायरीने चढतेय बघा, कुणालाही पटेल, मलाही पटलं होतं आणि मी वर्गात हे उदाहरण 'चांगलं' म्हणून सांगितलं होतं.

पुढच्याच वर्षी ओहायो स्टेट विद्यापीठाच्या लोकांनी आणि आणखी एका गटाने स्वतःकडच्या मुलांवर हे तपासलं तर दिव्याचा काही संबंधच सापडेना. सापडलं ते भलतंच. ज्या आईवडिलांना स्वतःला लांबचं दिसत नाही तेच मुलांच्या खोलीत दिवा जास्त ठेवतात! अहो रात्री तीनला उठून चष्मा चाचपडत बाळ कुठंय बघायचं तर दिवा लागणारच की. आणि लांबचं न दिसणं घराण्यात चालतं, म्हणजे चष्मा आईबाबांकडून आला आणि नाव झालं दिव्याचं. तुम्हाला नाहीतर मिस्टरांना चष्मा असेल तर शाळेत घालताना बाळाचे डोळे तपासून घ्या. दिवा राहू दे.

प्रश्न : माझं तालुक्याच्या गावी किराणा दुकान आहे. मुलगा एमबीए करतोय, तो म्हणतो अमेरिकेत एका दुकानाने डायपरशेजारी बिअर ठेवून धंदा वाढवला, आपणही कॉम्प्युटर लावून असं काही शोधू. करावं का?

दादा, ही गोष्ट एमबीएच्या प्रत्येक वर्गात सांगतात. घडलं ते इतकंच की १९९२ मध्ये टेराडेटा कंपनीच्या थॉमस ब्लिशॉकच्या टीमने ऑस्को नावाच्या औषधं-किरकोळ मालाच्या दुकानांची, सुमारे २५ दुकानांची, १२ लाख बिलं चाळली आणि संध्याकाळी ५ ते ७ मध्ये डायपर आणि बिअर एकत्र जातात असं दिसलं. पण दुकानाने फळ्या काही हलवल्या नाहीत. डायपर आणायला पाठवलेला तरुण बाप जाता जाता सहा बाटल्या उचलतो हे चित्र गोष्ट सांगणाऱ्यांनी नंतर रंगवलं.

दुसरी गोष्ट पक्की आहे. २००४ मध्ये फ्लोरिडाकडे चक्रीवादळ येत होतं, तेव्हा वॉलमार्टने आधीच्या वादळाआधीची विक्री तपासली. बॅटऱ्या-टॉर्च जाणार हे कुणीही सांगेल, पण स्ट्रॉबेरीचे पॉपटार्ट, म्हणजे न शिजवता खायची गोड पाकिटं, नेहमीच्या सातपट गेलेले. आणि सगळ्यात जास्त खप कशाचा तर बिअरचा, तिथेही तीच. मग ट्रक भरभरून तोच माल पाठवला. पण मला सांगा, आषाढीच्या आदल्या दिवशी साबुदाण्याबरोबर शेंगदाणे आणि भगर किती भरायची हे तुम्हाला कुठल्या कॉम्प्युटरने सांगितलं? तुमच्या वडिलांनी सांगितलं असेल, आणि आकडा चुकत नसेल.

मुलाला शोधायचंच असेल तर उधारीच्या वहीत शोधू दे, खरी गंमत तिथे आहे. कॅनडात कॅनेडियन टायर नावाच्या दुकानांचं स्वतःचं क्रेडिट कार्ड होतं, तिथल्या जे. पी. मार्टिन नावाच्या अधिकाऱ्याने २००२ मध्ये कोण काय घेतो आणि पैसे वेळेवर भरतो का हे जोडून बघितलं. खुर्चीच्या पायांखाली फरशीवर ओरखडे पडू नयेत म्हणून मऊ चकत्या चिकटवतात ना, त्या घेणारे लोक हप्ता जवळजवळ चुकवतच नव्हते. पक्ष्यांसाठी भारीतले दाणे घेणारेही तसेच. आणि गाडीत स्वस्तातलं बिनब्रँडचं ऑइल टाकणारे चुकवायचे. यात कारण-बिरण काही नाही हो, चकत्या चिकटवल्याने कुणी प्रामाणिक होत नाही. ज्याला उद्याच्या ओरखड्याची काळजी आज आहे त्याला उद्याच्या हप्त्याचीही असते, एवढंच. तुम्हालाही गिऱ्हाईक पिशवी घरून आणतं का यावरून बरंच कळत असेल. मात्र यावरून कुणाची उधारी बंद करू नका. स्वस्त ऑइल घेणाऱ्यांतही वेळेवर भरणारे होतेच आणि त्यांनी काय पाप केलं?

प्रश्न : नातवाची दहावी आहे, चॉकलेट खाल्ल्याने नोबेल मिळतं असं वाचलं, रोज देऊ का?

आजी, तो अभ्यास देशांचा होता, मुलांचा नव्हे. २०१२ मध्ये फ्रान्झ मेसर्ली या डॉक्टरांनी २३ देशांचा दरडोई चॉकलेटचा खप आणि नोबेलची संख्या जोडली, संबंध ०.७९ निघाला (१ म्हणजे अगदी पक्का, ० म्हणजे काहीच नाही), लिहिलंही जरा गालातल्या गालात हसतच. श्रीमंत देशात दोन्ही जास्त असतं, चॉकलेटही आणि प्रयोगशाळाही. द्या की, पण दात घासायला लावा.

प्रश्न : माझी रास सिंह. परदेशात म्हणे राशी आणि आजार यांचा खरंच अभ्यास झाला आणि सिंहवाल्यांना पोटाचा धोका निघाला. आमच्या गुरुजींनीही तेच सांगितलंय. आता?

आधी एक गोष्ट, तिकडची रास जन्मतारखेवरून, सूर्याची, आणि तुमच्या गुरुजींनी सांगितली ती चंद्राची, त्यामुळे तुम्ही त्या अभ्यासात 'सिंह' असालच असं नाही. पण अभ्यास झालाय हे खरं. कॅनडातल्या ऑन्टारिओ प्रांतात पीटर ऑस्टिन आणि मंडळींनी एक कोटीहून जास्त लोकांच्या नोंदी घेतल्या, त्यांचे दोन भाग केले आणि पहिल्या भागात २२३ आजार १२ राशींशी लावून बघितले. प्रत्येक राशीला निदान दोन आजार चिकटलेले सापडले. तेच मग दुसऱ्या भागात तपासले तर दोनच टिकले, सिंहेला पोटात रक्तस्राव आणि धनूला दंडाचं हाड मोडणं. वाचणाऱ्याच्या पोटात गोळा यायचाच. पण हिशोब करा, २२३ गुणिले १२ म्हणजे अडीच हजारांवर जोड्या लावून बघितल्या, आणि शंभरात पाच वेळा नुसत्या योगायोगाने 'सापडलं' असं वाटणारी चाळणी लावली, तर शंभरावर जोड्या फुकटच्या सापडणार. किती वेळा खडा टाकला ते धरून हिशोब केल्यावर दोन्ही गेले. आणि त्यांना हेच दाखवायचं होतं, म्हणून तर मुद्दाम राशी घेतल्या.

आपल्याकडेही २००८ मध्ये पुण्यात जयंत नारळीकरांनी चाचणी घेतली होती, १०० हुशार आणि १०० गतिमंद मुलांच्या पत्रिका जमवून. ज्योतिषांना प्रत्येकी ४० पाठवल्या, कुठली कुणाची ते ओळखा. २७ जणांनी उत्तरं पाठवली. नाणं उडवलं तरी ४० पैकी २० च्या आसपास यावेत. सगळ्यात जास्त आले २४ आणि सरासरी निम्म्याच्याही खाली. एका संस्थेने २०० च्या २०० पत्रिका घेतल्या, त्यांचे १०२ बरोबर. तुमचं पोट खरंच दुखत असेल तर डॉक्टर गाठा, तिखट कमी करा.

प्रश्न : ज्या हॉटेलचा मालक खडूस, पाट्या खोचक, तिथेच मिसळ चांगली असते. हा माझा २० वर्षांचा अनुभव आहे, आणि हा योगायोग नाही. यावर तुमचं काय म्हणणं? (सदाशिव पेठ)

पत्ता बघूनच मी हे पत्र शेवटी ठेवलं. तुमचा अनुभव खरा आहे साहेब, योगायोगही नाही, पण खडूसपणाने रश्श्याला चव येते असंही नाही. समजा गावात १०० हॉटेलं निघाली. निम्म्यांची मिसळ चांगली, निम्म्यांची वाईट, आणि निम्मे मालक गोड, निम्मे खडूस, एकाचा दुसऱ्याशी काही संबंध नाही. म्हणजे चार प्रकार, प्रत्येकी २५. आता मिसळ वाईट आणि वर मालकही खडूस असलं हॉटेल किती दिवस चालेल? ती २५ वर्षभरात बंद पडली, तिथे आता मोबाइलची कव्हरं विकतात. उरली ७५. त्यात खडूस मालक २५ आणि त्या सगळ्यांची मिसळ चांगली. गोड मालक ५०, त्यातल्या निम्म्यांचीच चांगली. तुम्ही २० वर्षं या ७५ मध्येच जेवताय, बंद पडलेली २५ तुमच्या अनुभवात आलीच नाहीत.

बर्कसन नावाच्या अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या एका डॉक्टरांनी १९४६ मध्ये हॉस्पिटलच्या आकड्यांत हेच पकडलं होतं. हॉस्पिटलात फक्त आजारी माणसं येतात, त्यामुळे तिथे बसून बघितलं की कुठलेही दोन आजार एकमेकांशी भांडल्यासारखे नाहीतर चिकटल्यासारखे दिसतात, बाहेर तसं नसतं. 'दिसायला बरी स्थळं सगळी आखडू निघतात' असं एका मातोश्रींनी लिहिलंय, त्यांनाही हेच उत्तर : न दिसायला बरी, न वागायला बरी अशी स्थळं तुम्ही बायोडेटा बघूनच बाजूला काढलीत.

तुमच्या पत्राच्या शेवटी विचारलंय की नव्या गल्लीतल्या हॉटेलचा मालक फार हसतमुख आहे तर जावं का. वरच्या हिशोबाने निम्मे चान्स आहेत. मी गेलो होतो परवा, सॅम्पल दुसऱ्यांदा मागितलं तर आनंदाने दिलं, पण पहिलंच संपत नव्हतं.