घुमाणचं ‘कुमाण’ का होतं?

प्रश्न : २०१५ मध्ये पंजाबातल्या घुमाणच्या साहित्य संमेलनाला गेलो होतो. तिथली मंडळी गावाचं नाव ‘कुमाण’ असं घेतात, असं ऐकू आलं. गुरुमुखी लिपीत मात्र ते ‘घ’नेच लिहितात. हा त्यांच्या बोलण्यातला आळस, की आमच्या कानाचा दोष?
– एक वाचक, हिंगोली

उत्तर : आळस मुळीच नाही, आणि कानाचा दोष अर्धाच. पंजाबीत घ, झ, ढ, ध, भ ही अक्षरं लिहिण्यात टिकली, बोलण्यात नाहीत. शब्दाच्या सुरुवातीला त्यांच्या जागी क, च, ट, त, प येतात. पण जाताना ती एक खूण मागे ठेवून गेली आहेत : पुढचा सूर खाली दबतो. तुम्हाला ‘क’ ऐकू आला तो बरोबरच. दबलेला सूर मात्र निसटला, कारण मराठीत शब्दाचा अर्थ सुरावरून ठरत नाही. हिंदी सिनेमातलं ‘पाजी’ आठवा. ते मुळात ‘भाजी’. ‘भा’ म्हणजे भाऊ (मेथीशी संबंध नाही). ढाब्याचा ‘टाबा’ होतो तोही असाच.

नेहमी दिलं जाणारं त्रिकूट असं : सपाट सुरातला ‘कोड़ा’ म्हणजे चाबूक. तोच खालच्या सुरात म्हटला की घोडा, लिहिताना घ. आणि वरच्या सुरात म्हटला की कोडी, म्हणजे कुष्ठरोगी, लिहिताना ‘कोह्ड़ा’. हा वरचा सूर येतो तो ‘ह’ किंवा घ-झ-ढ-ध-भ स्वराच्या नंतर असले की. ‘लाभ’ बोलताना ‘लाब’ होतो आणि ‘ला’ उंच चढतो. ‘चाह’ म्हणजे चहा, उंच सुरात. तोच ‘चा’ सपाट म्हटला तर उत्साह.

हे का घडलं? घ किंवा भ म्हणताना स्वरतंतू थोडे सैल सुटतात, त्यांची कंपनं मंदावतात आणि सूर उतरतो. सावकाश ‘पात’ आणि मग ‘भात’ म्हणून बघा. ‘भ’नंतरचा ‘आ’ किंचित खालून निघतो. आपण त्याकडे लक्ष देत नाही, कारण ‘भ’ स्वतः तिथे हजर असतो. पंजाबीने ‘भ’ सोडला आणि सूर ठेवला.

सराव करायचा तर आधी ‘कोड़ा’ एका पातळीवर म्हणा. मग ‘को’ आपल्या आवाजाच्या तळाशी, गळा सैल ठेवून सुरू करा आणि ‘ड़ा’कडे वर या : हा घोडा. नंतर ‘को’ उंच धरा आणि ‘ड़ा’ला खाली सोडा. सूर जमत नसेल तर सरळ आपला मराठी ‘घ’ म्हणा. कानाला परका वाटेल, पण कळेल. ‘घ’चा नुसता सपाट ‘क’ करणं सगळ्यात वाईट, कारण मग खरोखरच चाबूक होतो.

प्रश्न : मुलगी चिनी (मँडरिन) शिकते. सुटे शब्द बरोबर म्हणते, वाक्यात मात्र शिक्षिका सारखी थांबवते. काय चुकत असेल?
– एक पालक, पुणे

उत्तर : बहुधा दोन गोष्टी. पहिली तिसऱ्या सुराची. भाषाशास्त्रज्ञ चाओ युआन-रन यांनी १९३० मध्ये सुरांसाठी पाच पायऱ्या सुचवल्या : १ तळ, ५ माथा. त्या मोजणीने मँडरिनचे चार सूर ५५, ३५ (म्हणजे तिसऱ्या पायरीवरून पाचवीवर), २१४ आणि ५१. पुस्तकात तिसरा ‘खाली जाऊन वर येणारा’ असा शिकवतात, पण वाक्याच्या मध्ये तो बहुतेक वेळा वर येतच नाही, नुसता खाली राहतो. प्रत्येक ठिकाणी तो पूर्ण वळवला की गाडी अडखळते आणि दुसऱ्या सुरासारखा ऐकू येतो. शिवाय दोन तिसरे सूर लागोपाठ आले तर पहिला दुसऱ्या सुरात जातो. ‘नी हाओ’ (नमस्कार) हेच त्याचं उदाहरण.

दुसरी चूक खास आपली. मराठीत ‘मामी येणार’ आणि ‘मामी येणार?’ यांत फरक फक्त शेवटच्या चढाचा. तीच सवय चिनीत नेली की पंचाईत. ‘माई’ तिसऱ्या सुरात विकत घेणं, चौथ्या सुरात विकणं. प्रश्न विचारायचा म्हणून चौथ्या सुरातला शब्द वर खेचला तर त्याचा उतारच नाहीसा होतो. गरजही नाही : प्रश्नासाठी वाक्याच्या शेवटी ‘मा’ लावतात, अगदी आपल्या ‘का’सारखा. प्रश्नाचं काम ‘मा’वर सोपवायचं आणि आधीच्या शब्दाचा सूर होता तसा ठेवायचा, हे मुलीला सांगा.

प्रश्न : बाईचा खालचा सूर पुरुषाच्या वरच्या सुराहून उंच असेल, तर ऐकणारा ओळखतो कसा? हे घरी मोजता येतं का?

उत्तर : पुरुषाचा आवाज साधारण १२० हर्ट्झच्या (सेकंदाला १२० कंपनं) आसपास, बाईचा २०० च्या वर. पण कान आकडा बघत नाही. त्या माणसाच्या स्वतःच्या पट्टीत सूर कुठे आहे ते बघतो. पेटी काळी एकवर असो वा पांढरी चारवर, ‘सा रे ग’ कळतंच की.

मोजायला ‘प्रात’ हे मोफत सॉफ्टवेअर आहे. ॲमस्टरडॅम विद्यापीठातल्या बुर्स्मा आणि वेनिंक यांचं. आवाज रेकॉर्ड करून डब्ल्यूएव्ही फाइल उघडा, ‘व्ह्यू अँड एडिट’ दाबा, सुराची रेषा दिसेल. ‘मामी येणार’ दोन्ही प्रकारे म्हणा. हेच वाक्य का? त्यात सगळे घोष ध्वनी आहेत, म्हणजे म्हणताना स्वरतंतू कंप पावतात असे. ‘चहा घेतला’ घेतलंत तर ‘च’ आणि ‘त’च्या जागी रेषा तुटते. रेषा मध्येच दुप्पट उंच किंवा निम्म्यावर उडी मारताना दिसली तर घाबरू नका. यंत्र फसलं आहे. सूर शोधायची मर्यादा पुरुषासाठी ७५ ते ३०० आणि बाईसाठी १०० ते ५०० हर्ट्झ करा. पंखाही बंद करा.

प्रश्न : वेदपाठातले उदात्त-अनुदात्त चिनी सुरांसारखेच का?

उत्तर : जपानी जास्त जवळची. चिनीत प्रत्येक अक्षराला आपला सूर. वैदिक संस्कृतात साधारणपणे शब्दात एकच अक्षर उदात्त, म्हणजे उंच सुराचं; अनुदात्त म्हणजे खालच्या सुराचं. टोकियोच्या बोलीत ‘हाशी’चा ‘हा’ उंच असेल तर जेवायच्या काड्या, ‘शी’ उंच असून पुढे सूर उतरला तर पूल. तसंच ‘इन्द्रशत्रु’ : उदात्त शेवटी असेल तर तत्पुरुष, इंद्राला मारणारा, सुरुवातीला असेल तर बहुव्रीही, इंद्र ज्याला मारणार तो. कथेतल्या त्वष्ट्याला इंद्राला मारणारा मुलगा, वृत्र, हवा होता, म्हणून यज्ञात पहिला अर्थ हवा होता. उच्चार झाला दुसरा, आणि वृत्र मारला गेला. एक मात्र ध्यानात ठेवा : आजच्या ऋग्वेदपाठात सगळ्यात वर ऐकू येतो तो स्वरित, म्हणजे उदात्तानंतर येणारा तिसरा सूर, अक्षराच्या डोक्यावर उभी रेघ असलेला. अनुदात्ताची रेघ अक्षराखाली आडवी असते, आणि उदात्ताला खूणच नसते.