आदिमानवाच्या काळात घडलेला मेंदू आज तर्कशुद्ध विचारासाठी वापरता येतो का?

येतो की. तोच वापरावा लागतो, दुसरा आणायचा कुठून? पण तुम्ही प्रश्नाखाली जे लिहिलंय, की 'खेड्यातल्या कमी शिकलेल्या लोकांना लॉजिक शिकवणं जवळपास अशक्य', त्यासाठी मी हे लिहायलोय. हेच वाक्य लातूरला आमच्या स्टाफरूममध्ये एका सरांच्या तोंडून मी वर्षानुवर्षं ऐकलंय.

1966 मध्ये पीटर वेसन या ब्रिटिश मानसशास्त्रज्ञानं चार कार्डांचं कोडं काढलं. कार्डाच्या एका बाजूला अक्षर, दुसऱ्या बाजूला आकडा. नियम असा की स्वर असेल तर मागं सम आकडा पाहिजे. समोर अ, क, 4 आणि 7. नियम मोडलाय का हे बघायला कोणती कार्डं उलटायची? बहुतेक जण अ आणि 4 म्हणतात, बरोबर उत्तर अ आणि 7. 7 च्या मागं स्वर निघाला तर नियम मोडतो, 4 च्या मागं काहीही निघालं तरी मोडत नाही. आमच्या नीट परीक्षेच्या बॅचमधली भलीभली पोरं चुकली, तर सर म्हणले, बघा, यांचं हे तर गावाकडच्यांचं काय!

मला लागलं ते. माझी माय औसा तालुक्यात, तिथल्या बायांचा बचत गट आहे. सुट्टीत गेलो तेव्हा मिटिंगमध्ये तेच कोडं घातलं, फक्त नियम बदलला, जिनं कर्ज उचललं तिनं हप्ता भरलाच पाहिजे, अन् चार कार्डं मांडली, उचललं, नाही उचललं, भरला, नाही भरला, प्रत्येकाच्या मागं दुसरी माहिती. अंगठा उठवणाऱ्या एका मावशीनं मला वाचूनसुद्धा पुरतं दाखवू दिलं नाही. "उचललेलीचा हप्ता बघ, अन् न भरलेलीनं उचललंय का ते बघ. भरली तिचं कशाला बघायचं?" अ आणि 7 तेच की हे! बाकीच्या बायांना तर मी हे कशाला विचारायलोय तेच कळेना, इतकं ते उघड होतं.

सरांना सांगितलं तर म्हणले, हे लॉजिक नव्हं, रोजच्या सवयीचा व्यवहार आहे. मग लेडा कॉस्मिडीस या मानसशास्त्रज्ञ बाईचा 1989 चा अभ्यास बघा. तिनं विद्यार्थ्यांना कधी न ऐकलेल्या जमातीचा नियम दिला, कसावा कंद खायचा तर तोंडावर गोंदण पाहिजे. सवयीचा प्रश्नच नाही, तरी बहुतेकांनी बरोबर कार्डं उचलली. तिचं म्हणणं, देवाणघेवाणीत कोण फसवतंय हे हेरायची नजर माणसात उत्क्रांतीतून आलीय.

आकड्यांचं पण तसंच. गेर्ड गिगेरेन्झर आणि उलरिच हॉफ्राज या मानसशास्त्रज्ञांनी 1995 मध्ये दाखवलं की टक्क्यांऐवजी 'हजार बायांतल्या दहा' असं मोजून सांगितलं की तपासणीच्या रिपोर्टचा अर्थ लोकांना कितीतरी जास्त बरोबर लावता येतो. आमच्याकडं पेरणीआधी सोयाबीनचे 100 दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून ठेवतात, 70 उगवले तर बी चांगलं, कमी उगवले तर एकरी बी वाढवायचं. ह्याला संभाव्यता म्हणतात हे कुणी त्यांना सांगितलेलं नाही, पण निर्णय बरोबर घेतात.

आता हे पण खरं की कॉस्मिडीसच्या निष्कर्षावर संशोधकांत वाद आहे, नियमाच्या मांडणीमुळंच उत्तर सोपं होतं असंही काहींनी दाखवलंय. आणि ही नजर आपल्या माणसावर पडत नाही. गटात पै-पैचा हिशोब घेणाऱ्या ह्याच बायांनी एका पतसंस्थेत पैसे ठेवले, एजंट भावकीतला होता म्हणून कागद कुणी मागितला नाही, पैसे बुडाले. तिथं मुद्दाम विचारावं लागतं, की हाच कागद परक्यानं आणला असता तर काय काय विचारलं असतं?

तुम्हाला शिकवायचं असेल तर स्वर-व्यंजनापासून सुरू करू नका. हप्ता, वाटा, उधारी, बी यांच्यावर गणितं घाला, अक्षरं-आकडे नंतर आणा. मी आता वर्गात हप्त्याचं कोडं आधी देतो अन् अ-7 वालं मागून, पोरांना दुसरं बरंच लवकर सुटतं. सर अजून मानत नाहीत, पण एकदा तरी औशाला मिटिंगला चला म्हणलं तर येत पण नाहीत.